नुसता बिंदू

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिही, असं माझा एक मित्र बरीच वर्षं मागे लागून सांगतो आहे. त्याची समजूत अशी, की मी चष्मे विकतो, तेव्हा गिऱ्हाइकांच्या गमती भरपूर असतील. मी चष्मे विकत नाही. वसईतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, जाड पडदे लावलेल्या खोलीत मी दोन यंत्रं चालवतो आणि त्यांतून निघालेले कागद वाचतो. शिक्षणाने ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारा तंत्रज्ञ. पेशंट मला डॉक्टर म्हणतात. ती चूक दुरुस्त करणं मी केव्हाच सोडून दिलं, कारण दुरुस्त करायला बोलावं लागतं आणि बोलणं हा माझा प्रांत नाही. बायको म्हणते, "तुमच्याशी गप्पा म्हणजे तुमच्या त्या मशीनसारखं. आपणच बटण दाबत बसायचं."

तर गमती आहेत, त्या सांगतो. पण मी लिहायला बसलो तो त्यांच्यासाठी नव्हे.

आधी आमचं काम काय ते सांगायला हवं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. त्या पडद्यावरून लाखो बारीक तंतू निघतात, एका गोल ठिकाणी गोळा होतात आणि तिथून जुडी बांधून मेंदूकडे जातात. ती जुडी म्हणजे डोळ्याची नस. डोळा कितीही स्वच्छ असो, नस सुकली की दिसणं संपलं. आणि सुकलेली नस परत हिरवी होत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुढचं सगळं समजेल.

पहिलं यंत्र त्या पडद्याचा उभा छेद दाखवतं. न कापता, न दुखवता, नुसत्या प्रकाशाने. आम्ही त्याला ओसीटी म्हणतो. वसईच्या माणसाला मी असं सांगतो, की बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, खणताना कडेला मातीचे थर दिसतात ना, एकावर एक, तसंच हे. वरचा थर त्या तंतूंचा. तो किती जाड उरला आहे ते यंत्र मोजतं, आणि त्याच्या पोटात निरोगी माणसांची जी मापं भरून ठेवलेली असतात त्यांच्याशी ताडून बघून रंग देतं. तुमच्या वयाच्या बहुतेकांइतका थर असेल तर हिरवा. कमी असेल तर पिवळा. फारच थोड्यांचा असतो इतका पातळ असेल तर लाल. पेशंट कागद हातात घेतात आणि सिग्नल बघावा तसे रंग बघतात. "हिरवा हाय म्हंजे जाऊ ना?" असं एकाने खरंच विचारलं होतं.

दुसरं यंत्र म्हणजे फील्ड टेस्ट. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधल्या दिव्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. जिथे प्रखर ठिपकाही दिसत नाही ती जागा कागदावर काळी उमटते. ठिपके मुद्दाम इतके फिके होत जातात, की निरोगी माणसालाही बरेचसे दिसत नाहीत. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घामाघूम होतो. एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी ठरवलं होतं की नापास व्हायचं नाही. दिवा असो नसो, ते बटण दाबतच राहिले. यंत्राने निकाल दिला तो असा, की या गृहस्थांना डोक्याच्या मागचंही दिसत असावं. मी म्हटलं, "सर, परत करावी लागेल." तर म्हणाले, "किती कमी पडले?"

एक कॅथलिक आजोबा त्या वाडग्यात तोंड घातलं की झोपायचे. आमच्या काउंटरवरची लीना त्यांच्या पाठीशी उभी राहायची आणि दर मिनिटाला म्हणायची, "पापा, फादरचं प्रवचन नाय हे, जागे राव्हा."

इथवर गमती. आता रंग कसे फसवतात ते.

विरारची एक मुलगी दुसरीकडचा कागद घेऊन आली होती. दोन्ही डोळ्यांत वर-खाली लाल. कोणीतरी तिला सांगितलं होतं, की नस चालली आहे. ती आईचा हात सोडत नव्हती. चष्मा काढायला लावला तर भिंगं बाटलीच्या बुडासारखी जाड. अशा मोठ्या नंबरच्या डोळ्यांत तंतूंच्या जुड्या थोड्या सरकलेल्या असतात, यंत्र त्या नेहमीच्या जागी शोधतं आणि सापडल्या नाहीत की लाल शाई ओततं. तिची फील्ड स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं, केसभरही काही हललं नाही. लाल कागद, निरोगी डोळा.

दुसरा एक तरुण गोखिवऱ्याच्या गाळ्यात प्रेसवर काम करणारा. हल्ली खांदे दारांवर आपटतात, असं सांगत आला. त्याच्या ओसीटीत थर पातळ होता आणि मी कागदावर सरळ काचबिंदूचा संशय लिहून टाकला. जेवायची वेळ झाली होती. डॉक्टरांनी कागद परत पाठवला. त्यांचं एकच वाक्य होतं: "दोन्ही फील्ड शेजारी ठेव." ठेवल्या. उजव्या डोळ्याची उजवी बाजू काळी, डाव्याची डावी. मधोमध रेघ मारल्यासारखी. काचबिंदू अशी सरळ उभी रेघ पाळत नाही. आणि नस पोखरलेली नव्हती, फिकी होती. दोन्ही नसा मेंदूत जिथे एकमेकींना भेटतात तिथे काहीतरी दाबत होतं. एमआरआय केला, गाठ निघाली, नाकातून शस्त्रक्रिया करून काढली. बरीचशी नजर परत आली त्याची. पेढे घेऊन आला तेव्हा मीही एक उचलला, पण माझा कागद डॉक्टरांनी परत पाठवला नसता तर तो मुलगा कुठे असता, हे मला ठाऊक होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मित्राचं काम झालं असतं.

काचबिंदू हा शब्द मी वर सहज लिहून गेलो. दवाखान्यात तो सहज उच्चारता येत नाही. मोतीबिंदू म्हटलं की माणूस हसतो. शेजारच्यांचा झाला, मामीचा झाला, भिंग टाकलं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचला. काचबिंदू म्हटलं की ज्याला तो माहीत आहे त्याचा चेहरा उतरतो. डोळ्यातला दाब वाढतो किंवा नसेला सोसत नाही, आणि नस कडेने सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. मधलं स्वच्छ दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ता नसतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं मात्र थेंबांनी राखता येतं. थेंब आयुष्यभर, रोज, न चुकता.

सुरुवातीच्या काळात मी हे पूर्ण नावाने सांगायचो आणि माणसं खुर्चीतच रडायची. मागची रांग थांबायची. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. मग माझ्या तोंडात एक सोय बसली. मी नुसतं 'बिंदू' म्हणायला लागलो. "डाव्या डोळ्यात थोडा बिंदू आहे, थेंब टाकायचे, डॉक्टर सांगतील." माणसं घाबरत नव्हती. मान डोलवून आत जायची. माझं बघून लीनाही तसंच बोलू लागली. 'बिंदूचे पेशंट आत पाठव' म्हटलं, की आम्हाला कळायचं कोणते. मला त्या शब्दाचा थोडा अभिमानसुद्धा वाटायचा. आपण कमी बोलतो पण नेमकं आणि मायेने बोलतो, असं काहीतरी.

हिरामावशी खाडीकडच्या गावातली. भातशेती कमी होत गेली तशी ती बाजारात बसायला लागली. सकाळी गिरीजच्या वाड्यांतून केळी आणि भाजी घ्यायची आणि वसईच्या बाजारात विकायची. साठीच्या आतली बाई, आवाज असा की पडद्याबाहेरूनही ऐकू यावा. नव्या काट्यावरचे आकडे दिसत नाहीत म्हणून चष्म्यासाठी आली होती. डोळ्यातला दाब जास्त निघाला म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली.

वाडग्यात तोंड घालताना म्हणाली, "यात उलटी कराची काय रं?"

तिचा कागद मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. डावा डोळा वर-खाली लाल. उजव्यात फक्त खालच्या बाजूला लाल पाचर, बाकी हिरवं. फील्डमध्ये डाव्याला वरच्या बाजूला काळी कमान, उजवा जवळजवळ स्वच्छ. म्हणजे वेळेत आलेली बाई. उजवा डोळा तर पूर्ण वाचवण्यासारखा होता.

"काय निघाला?" तिने विचारलं.

"दोन्ही डोळ्यांत बिंदू आहे मावशी. डाव्यात जास्त, उजव्यात थोडा."

"मंग काढाचा काय?"

"लगेच नाही. थेंब देतील डॉक्टर."

"बरा. माझ्या आयचा पन काढलेला," असं म्हणून ती उठली. तिच्या आईचं काय काढलं होतं, ते मी विचारलं नाही. बाहेर पाचसहा माणसं होती. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, रोज टाका म्हणाले, महिन्याने बोलावलं. डॉक्टरांनी मोठं नाव घेतलं असेलही, पण तोवर तिला मी सांगितलेलं पटलं होतं. बिंदू म्हणजे मोती. आणि मोती पिकावा लागतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

महिना झाला. तिची सून आली, सुगंधा. मावशी नव्हती, बाजारात बसली होती. डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनला गेले होते. मी एका पेशंटला आत सोडत होतो, दार धरून उभा होतो. सुगंधाच्या हातात थेंबांची रिकामी बाटली होती.

"सर, सासूबाईंना बिंदू आहे. पिकायला किती दिवस लागतात?"

"दिवस नाही, वर्षं लागतात. दोन, तीन. कधी चार."

"मग हा ड्रॉप चालूच ठेवायचा काय?"

मी म्हणालो, "थेंबाने बिंदू जात नाही. दिसायचं कमी झालं की आणा, काढून टाकू."

मोतीबिंदूबद्दल यातलं एक अक्षर चुकीचं नाही. कुठल्याही थेंबाने मोती विरघळत नाही. ती कोणाची सून, कोणता बिंदू, मी विचारलं नाही. तिने 'पिकायला' म्हटलं म्हणून मी मोती धरला. तिने 'पिकायला' का म्हटलं? कारण मी नुसतं 'बिंदू' म्हटलं होतं. बाटली तिच्या हातात होती. नाव वाचायला मान खाली करावी लागली असती, एवढंच.

ती "बरं सर" म्हणून गेली. माझ्या ते दोन दिवससुद्धा लक्षात राहिलं नाही.

जवळजवळ चार वर्षांनी हिरामावशी सून-मुलासह आली. मुलगा दिनेश, गोखिवऱ्यालाच एका कारखान्यात पहिल्या पाळीला. तिला हाताला धरून आणलं होतं, तरी ती दाराच्या चौकटीला धडकली आणि चौकटीलाच शिवी दिली. माझा आवाज ऐकून खूश झाली.

"डाक्टर, पिकला रं! डाव्यानं काय पन दिसत नाय. उजवा बी पिकत आला. दोनी काढून टाक, मना परत बाजारात बसाचा हाय. केली पिवली हाय का हिरवी, तेच समजत नाय. गिऱ्हाइक मना फसवतात आता."

मी तिची हनुवटी यंत्रावर ठेवली आणि आत बघितलं. भिंग जवळजवळ स्वच्छ होतं. मोती नव्हताच. डाव्याची नस पांढरी, वाटीसारखी कोरलेली. ओसीटीत तरीही काही आकडा आलाच, कारण नस मेली तरी तिथला थर शून्य होत नाही. तंतू जातात, बाकीचा गाळ राहतो, आणि यंत्र त्याचीही जाडी मोजतं. उजव्यात चहूकडे लाल. फील्डमध्ये मधोमध एक लहान उजेडाचा तुकडा, बाकी सगळा काळा. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती त्या तुकड्यातून.

डॉक्टरांनी तिघांना आत बोलावलं. मी कागद घेऊन बाजूला उभा होतो. ते शांतपणे म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. काढता येत नाही. थेंब बंद का केले?"

दिनेशला पहिली दोन वाक्यं कळली की नाही, माहीत नाही. तिसरं कळलं. तो बायकोकडे वळला. "ऐकला? थेंब बंद का केले. तुला सांगितलेला ना मी, आयच्या औषधाचं तू बघ. काय करत होतीस घरात बसून?"

"मी विचारलं होतं," सुगंधा म्हणाली. "इथंच येऊन विचारलं. ह्या सरांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला आठवलं. दार, बाटली, तिचा 'बरं सर', सगळं एका क्षणात आठवलं. डॉक्टर मान वर करून बघत होते.

मी म्हणालो, "आमच्याकडे असं कोणी सांगत नाही."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. एरवी ज्याला दुसरं वाक्य सुचत नाही त्या माणसाला तेव्हा सुचलं. "रोज एवढी माणसं येतात. ऐकण्यात चूक झाली असेल त्यांची."

किती सभ्य वाक्य आहे ते. 'त्यांची' म्हणालो.

 सुगंधा काही अडाणी नव्हती, बारावी झालेली होती. पण दवाखान्यातल्या खोलीत पांढरा डगला घातलेल्या माणसाने चूक तुझी म्हटल्यावर माणूस स्वतःच्या कानांवरही भरवसा ठेवत नाही. तिचा चेहरा मी बघितला. ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, की आपण चुकीचं ऐकलं का.

हिरामावशी म्हणाली, "म्हंजे काढनार नाय?"

डॉक्टरांनी उरलेला तुकडा राखण्यासाठी जे करता येईल ते सगळं केलं. तीन प्रकारचे थेंब, मग एक शस्त्रक्रिया. त्यासाठी ते कुटुंब दर थोड्या महिन्यांनी यायचं. सुगंधा बाटल्यांची नावं पाठ म्हणून दाखवायची, कोणता किती वाजता, न चुकता. माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. पडद्याच्या आत मी आणि मावशी, पडद्याबाहेर बाकावर ती दोघं. बाहेरचं सगळं आत ऐकू येतं. शेजारी बसलेल्या माणसाने, या म्हातारीचं काय झालं, असं विचारलं, की दिनेश म्हणायचा, "हिला विचारा. हिनंच घालवलं आयचे डोले." दर वेळी. नव्या माणसाला नव्याने. लीना एकदा आत येऊन मला म्हणाली, "सर, ती बाय कशी सहन करते हो?" मी म्हटलं, पुढचा पेशंट पाठव.

मधल्या काळात मी 'बिंदू' म्हणणं सोडलं. आता पूर्ण नाव सांगतो, मोती नव्हे काच, पिकत नाही, काढता येत नाही, थेंब थांबवायचे नाहीत. पेशंटकडून वदवून घेतो. लीना हसते, "सर, शाळा काढा." एक-दोघांची नजर त्याने वाचलीही असेल. सुगंधाला त्याचा काय उपयोग?

यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी मावशीची फील्ड पुन्हा सांगितली, फक्त मधला भाग. मी तिला वाडग्यापाशी बसवलं, डावा डोळा झाकला, बटण हातात दिलं, यंत्र सुरू केलं. बटण एकदाही दाबलं गेलं नाही.  यंत्राचा बारीक आवाज चालू होता. ठिपके येत होते, जास्तीत जास्त प्रखर.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरं, चालू कर की."

मी म्हटलं, "करतो मावशी." आणि यंत्र बंद केलं.

उजेडाचा तो तुकडाही गेला, हे सांगायला मी बाहेर आलो. बाकावर सुगंधा एकटीच होती, दिनेश रिक्षा थांबवायला गेला होता. आतलं तिने ऐकलं असावं. तिने मला बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आता हेही माझ्यावरच येणार." मला उद्देशून नव्हतं ते. मी तिथे आहे याची तिने दखलच घेतली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि रिक्षाने त्यांच्या गावी गेलो. घर शोधायला त्रास पडला नाही. 'आंधळ्या हिराबायचं' घर विचारा, असं नाक्यावरच्या माणसाने मला सांगितलं. मावशी ओटीवर बसली होती, समोर सुपात तांदूळ, बोटांनी चाचपून खडे काढत होती.

"कोन?"

"डोळ्यांच्या दवाखान्यातला."

"तो मुका? ये, बस. सुगंधा, पानी आन."

सुगंधाने पाणी आणलं. चहा विचारला नाही. मी पेला खाली ठेवला आणि सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हणालो, "मावशी, सुगंधाताईंनी मला विचारलं होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी, दवाखान्यात. थेंब बंद करू का म्हणून. मीच सांगितलं, थेंबाने जात नाही. मला आठवत होतं. त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी खोटं बोललो."

मावशीची बोटं सुपात थांबली. तिने चेहरा माझ्याकडे न वळवता विचारलं, "तू बिंदू बोललेलास. मना आठवते. काच बोलला असतास तर?"

"तर तुम्ही थेंब सोडले नसते."

"नसतेच सोडले," ती म्हणाली. नुसता हिशेब लागल्यासारखी.

सुगंधा दाराला टेकून उभी होती. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीसाठी मी तयार होतो. ती म्हणाली, "हे घरी नसताना का आलात?"

 दिनेश पहिल्या पाळीला असतो, दुपारी घरी नसतो, हे मला चांगलं माहीत होतं. दवाखान्यात वेळ घेताना त्यानेच दर वेळी सांगितलेलं. मी दुपारची वेळ निवडली होती.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला माहीत नाही काय? आईंना सांगून पण काय? ते येईपर्यंत बसा. त्यांच्यासमोर बोला, जसं त्या दिवशी बोललात ना, तसं."

मी बसलो. तिने कामं आवरली, मुलीला शाळेतून आणलं, पाणी भरलं. मावशी सूप संपवून भिंतीला टेकली. कोणी माझ्याशी बोललं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती शांतता जड गेली. उठून जावं असं अनेकदा वाटलं. चपला समोरच होत्या.

दिनेशची मोटरसायकल आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे सर! इकडं कुठं? आयच्या डोल्यावर काय नवीन औषध निघालं काय?"

ते वाक्य मी घरून निघताना गृहीत धरलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही दिनेश. औषध नाही." आणि मग सगळं पुन्हा सांगितलं, उभं राहून. या खेपेला जास्त नीट आलं. थेंब बंद करायला मी सांगितलं. तुझी बायको खरं बोलत होती. मला तेव्हाही माहीत होतं.

त्याच्या हातात डबा होता. तो माझ्या अंगावर धावून येईल म्हणून मी हात बाजूला सोडून उभा राहिलो. तो आला नाही. फक्त म्हणाला, "एवढी वरसं, सर?" आणि मग त्याला बघायला जागा उरली नाही. माझ्याकडे बघवेना, बायकोकडे बघवेना. तो आईकडे बघू लागला.

मावशीला ते कसं कळलं कोण जाणे. म्हणाली, "माझ्याकडं नको बघू. मना दिसत नाय. तिच्याशी बोल. एवढे दिवस बोलाला लय तोंड होता ना तुना?"

सुगंधा उभी होती. ती वाट बघत होती, हे मलासुद्धा दिसत होतं. दिनेश डबा या हातातून त्या हातात करत राहिला. मग तिने पुढे होऊन त्याच्या हातातला डबा घेतला आणि ती आत गेली.

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.  गल्लीच्या टोकापर्यंत मी मुद्दाम सावकाश चाललो, मागे कान लावून. आत अजून कोणीच बोललं नव्हतं.